वाचकांचे प्रश्न : छत्रीवरच्या पाकोळ्या

वैशाखात इंदूरची माणसे संध्याकाळी गच्चीवर येतात, त्यामुळे या सुमारास सदराकडे येणारी पत्रेही गच्चीवरून दिसणाऱ्या गोष्टींचीच असतात. या वेळी तर निम्म्याहून अधिक पत्रे एकाच पक्ष्याविषयी आली. तेव्हा बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून हा अंक पाकोळीला दिला आहे.

प्रश्न : मी रोज संध्याकाळी नदीकाठी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, म्हणजे घुमटदार स्मारकांसमोर जाऊन बसते. दिवेलागणीच्या सुमारास पुष्कळसे काळे, लहान पक्षी किंचाळत घुमटांभोवती गरगर फिरतात आणि अंधार पडला की एकेक करून छत्रीच्या आत शिरतात. नातवाने मोबाइलवर वाचून दाखवले, की हा पक्षी दहा महिने जमिनीवर, झाडावर, कुठेच टेकत नाही. मग रोज रात्री आत शिरताना मला दिसतात ते कोण? (एक आजी, कृष्णपुरा, इंदूर)

उत्तर : नातवाने वाचले ते खरे आहे आणि आपण पाहिले तेही खरे आहे, फक्त ते दोन निरनिराळे पक्षी आहेत. पाकोळीच्या कुळात जगभर मिळून सुमारे शंभर जाती आहेत आणि दहा महिन्यांची ती कीर्ती त्यांपैकी एकीची, युरोपातल्या साध्या पाकोळीची आहे. ही पाकोळी उन्हाळ्यात युरोप-आशियात अंडी घालते आणि हिवाळा काढायला सहारा ओलांडून आफ्रिकेत जाते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी जेमतेम एक ग्रॅम वजनाची नोंदयंत्रे अशा पक्ष्यांच्या पाठीवर बांधली आणि 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विणीचा हंगाम संपवून घरटे सोडल्यापासून पुढच्या वर्षी घरट्याकडे परत येईपर्यंतच्या दहा महिन्यांत हे पक्षी 99 टक्क्यांहून अधिक काळ हवेत होते. काही जण मधूनच थोडा वेळ कुठेतरी टेकले होते, काही तर एकदाही टेकले नाहीत. त्यापूर्वी, 2013 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या, पांढऱ्या पोटाच्या पाकोळीची सलग 200 दिवसांची भरारी नोंदली गेली होती. ही मोठी पाकोळी आपल्याकडेही आहे. कर्नाटकातल्या गिरसप्प्याच्या कड्यांवर, जोगच्या धबधब्याशेजारी ती राहते.

आपल्या छत्रीतली मात्र घरपाकोळी. चिमणीहून लहान, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, रंग धुरकट काळा, गळा पांढरा आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. गिरकी घेताना पाठ आपल्याकडे झाली, की तो पट्टा चुन्याचे बोट ओढल्यासारखा चमकून जातो. ओळखायला एवढी एक खूण पुरते. ही पाकोळी बारमाही इथलीच. पिले असोत वा नसोत, ती वर्षभर रात्री आपल्या घरट्यात येऊन झोपते आणि पहाटे बाहेर पडली की दिवसभर हवेतच असते. म्हणजे दहा महिन्यांचा विक्रम हिच्या नावावर नाही, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या त्या मजकुराखाली हिचे छायाचित्र लावणाऱ्यांनी हिच्यावर उगाच परक्याच्या पराक्रमाचे ओझे घातले आहे. हिचा स्वतःचा पराक्रम काही कमी नाही.

तो मला एकदा अगदी हातात घेऊन पाहायला मिळाला. आमच्या जुन्या वाड्याच्या देवडीचे छत उतरवले, तेव्हा गवंड्याने तुळईच्या बगलेत चिकटलेले एक रिकामे, कोरडे घरटे अख्खे खरवडून मला आणून दिले. बाहेरून ते ओबडधोबड, मातकट, कोणी पायपुसणे चुरगाळून कोपऱ्यात दाबल्यासारखे दिसत होते. वर्तमानपत्रावर ठेवून चिमट्याने उलगडत गेलो, तेव्हा त्यातून निघाली कबुतरांची मऊ पिसे, पोपटाचे एक हिरवे पीस, सावरीच्या शेंगेतला कापूस, गवताची सुकी पाती आणि संक्रांतीच्या पतंगाच्या गुलाबी मांज्याचा वीतभर तुकडा. हे सगळे वाळलेल्या डिंकासारख्या एका पातळ, चकचकीत थराने एकमेकांना आणि तुळईला धरून होते. तो डिंक म्हणजे पाकोळीची लाळ. विणीच्या दिवसांत तिच्या लाळेच्या ग्रंथी फुगतात आणि त्या लाळेवर सगळे बांधकाम उभे राहते. त्या ढिगात मातीचा कण नव्हता, काटकी नव्हती, जमिनीवरून उचलावी लागेल अशी एकही वस्तू नव्हती. जे होते ते सारे वाऱ्याने उडवलेले आणि तिने उडता उडता चोचीत झेललेले. चिमणीला काडी उचलायला अंगणात उतरावे लागते. पाकोळीचे घर आकाशातून गोळा होते. हे माझ्या दृष्टीने दहा महिन्यांच्या भरारीइतकेच नवलाचे आहे.

दिवेलागणीच्या त्या किंचाळ्यांचा उल्लेखही आपण केला आहे. तो थव्याचा सामाजिक व्यवहार आहे. एकाच वसाहतीतले पक्षी झुंड करून घरट्यांच्या अगदी जवळून, सुसाट वेगाने, ओरडत फेऱ्या घालतात. युरोपातल्या पाकोळीचा अशा वेळचा वेग ताशी 111 किलोमीटरपर्यंत मोजला गेला आहे आणि तो सूर मारून खाली येतानाचा नव्हे, तर पंख मारत आडवे उडतानाचा आहे. छत्रीपाशी बसून हा खेळ पाहायचा, तर सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास जावे, मावळतीकडे पाठ करून बसावे, म्हणजे पांढरे पट्टे नीट दिसतात.

प्रश्न : आमच्या घरात या पक्ष्याच्या नावावरून वाद आहे. वडील भिंगरी म्हणतात, शेजारचे अबाबील म्हणतात आणि कोकणातल्या मामी पाकोळी म्हणतात. बरोबर कोण? तारेवर ओळीने बसतात ते हेच का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : मामी बरोबर आहेत, शेजारी निम्मे बरोबर आहेत आणि वडिलांचा पक्षी वेगळा आहे. हिंदीत अबाबील हे नाव पाकोळी आणि भिंगरी दोघींनाही सर्रास लावतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘थवेच्या थवे’. म्हणजे ते एका पक्ष्याचे नाव नव्हतेच मुळी. मराठीतही पाकोळी हा शब्द काही भागांत लहान वटवाघळाला वापरतात, तेव्हा कोणी कोणाला फार हसू नये.

तारेचा प्रश्न मात्र एका वाक्यात सुटतो : तारेवर बसलेली दिसली, तर ती पाकोळी नव्हे. हिवाळ्यात सिरपूर तलावाच्या काठच्या तारांवर ओळीने बसतात त्या भिंगऱ्या. भिंगरी ही चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गोतातली. तिच्या पायाची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, म्हणून तिला तार किंवा फांदी धरता येते. पाकोळीचे पाय इवलेसे असतात आणि घरपाकोळीची चारही बोटे पुढे वळू शकतात, टोकाला आकड्यासारख्या नख्या असतात. उभ्या भिंतीला किंवा घुमटाच्या खरबरीत आतल्या अंगाला लटकण्यासाठी ही रचना उत्तम, पण तारेवर बसण्याच्या कामाची नाही. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 साली युरोपातल्या पाकोळीला नाव देताना ग्रीकमधला ‘बिनपायाचा’ या अर्थाचा शब्द घेतला, एपस; आज आपल्या घरपाकोळीच्या प्रजातीचे, म्हणजे तिच्या जवळच्या जातींच्या गटाचे, नावही तेच आहे. बिचारीला पाय आहेत, पण ती ते कोणाला दाखवत नाही.

पाकोळीचे खरे नाते आहे अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांशी, म्हणजे फुलासमोर एका जागी तरंगणाऱ्या हमिंगबर्डशी. दोघांच्याही पंखात दंडाचे हाड आखूड आणि पंजाचा भाग लांबलचक, त्यामुळे पंखाची जवळजवळ सगळी लांबी ‘हाताच्या’ पंज्यापासून निघते. म्हणूनच पाकोळीचा पंख मध्ये कोपरासारखा मोडलेला दिसत नाही, विळ्याच्या पात्यासारखा एका वळणात मागे जातो. भिंगरी आणि पाकोळी सारख्या दिसतात त्या दोघीही हवेतले किडे पकडून पोट भरतात म्हणून. देवमासा माशासारखा दिसतो, तसेच हे.

आपल्या भागात ताडाच्या झाडांभोवती एक बारीक अंगाची, दुभंगलेल्या शेपटीची पाकोळी फिरते, ती ताडपाकोळी. ताडाच्या लोंबत्या, सुकलेल्या पानाच्या घडीत पिसे आणि कापूस लाळेने डकवून ती अंडी घालते. रानात आणखी एक तुरेवाली वृक्षपाकोळी भेटते. ती फांदीवर ऐटीत बसते, पण ती या घराण्याची चुलत शाखा आहे. तिचे घरटे इतके इवले असते, की एकुलते एक अंडे त्यात जेमतेम मावते.

प्रश्न : महिनोन् महिने हवेत राहणारी पाकोळी झोपते केव्हा आणि खाली पडत कशी नाही? (इयत्ता नववीतील एक विद्यार्थी, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : हा प्रश्न तुला पडला तसाच शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या लोकांनाही पडला होता, कारण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पाकोळ्यांचे थवे ओरडत ओरडत वर वर जात, ठिपक्याएवढे होत आणि दिसेनासे होत, ते रात्री परतत नसत. याचे पहिले नाट्यमय उत्तर मिळाले पहिल्या महायुद्धात. एक फ्रेंच वैमानिक पौर्णिमेच्या रात्री शत्रूच्या हद्दीवरून, आवाज होऊ नये म्हणून इंजिन बंद करून, विमान नुसते तरंगवत खाली आणत होता. सुमारे 3,000 मीटर उंचीवर त्याला आपल्या भोवती आणि खाली पांढऱ्या ढगांवर उठून दिसणारे विखुरलेले पक्षी दिसले. ते जागचे हलत नसल्यासारखे वाटत होते आणि विमानाचे त्यांना भानच नव्हते. त्यांतला एक विमानात अडकला. उतरल्यावर पाहिले, तर ती पाकोळी होती.

पुढे रडार आले आणि रात्रीच्या आकाशातले हे थवे पडद्यावर दिसू लागले. नेदरलँड्समधल्या रडारच्या नोंदींवरून 2013 मध्ये असे आढळले, की पाकोळ्या संध्याकाळी एकदाच नव्हे, तर पहाटे उजाडण्यापूर्वीही तशाच चढतात आणि दोन्ही वेळा सुमारे 2,500 मीटरपर्यंत पोहोचतात. संध्याकाळची चढाई झोपेसाठी म्हणावी, तर पहाटेची कशासाठी? तेवढ्या उंचीवरून दूरवरची क्षितिजरेषा दिसते, संधिप्रकाशाची दिशा कळते आणि वेगवेगळ्या थरांतले वारे अजमावता येतात, म्हणून ही दिवसातून दोनदा केलेली हवामानाची पाहणी असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो. आपले शेतकरीही तांबडे फुटताना आणि दिवस बुडताना अशा दोन वेळा आभाळाकडे पाहतात.

आता प्रत्यक्ष झोपेविषयी. उडताना झोप येते का, हे मेंदूच्या लहरी मोजूनच सांगता येते आणि चाळीस ग्रॅमच्या पक्ष्यावर त्यासाठीचे यंत्र चढवणे अवघड आहे. ते चढवले गेले गॅलापागोस बेटांवरच्या फ्रिगेट या कितीतरी मोठ्या समुद्रपक्ष्यावर. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणात हा पक्षी उडता उडता खरोखर झोपतो, असे दिसले. कधी मेंदूचा अर्धा भाग झोपतो आणि अर्धा जागा राहतो, तर कधी थोड्या वेळासाठी दोन्ही भाग झोपतात. दिवसाकाठी ही झोप भरते सरासरी 42 मिनिटे. फ्रिगेट तेव्हा वर जाणाऱ्या हवेवर पंख पसरून तरंगत असतो आणि झोप लागते ती बहुधा उंची घेत असताना. पडण्याचे म्हणशील, तर पंख पसरून तरंगणाऱ्या पक्ष्याच्या खाली भरपूर हवा असते. तीन हजार मीटर उंचीवरून थोडे खाली घसरले, तरी जाग यायला वेळ पुष्कळ मिळतो. सायकलवर डुलकी लागली तर जे होते, ते जमीन चार फुटांवर असल्यामुळे होते.

प्रश्न : पावसात किडे मिळत नाहीत तेव्हा हे पक्षी काय खातात? आणि चिनी लोक यांच्याच घरट्याचे सूप पितात का? (एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : किड्यांखेरीज यांना दुसरे अन्न नाही. उडते किडे, आणि आपल्याच धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर निघालेले बारीक कोळी, एवढाच शिधा. चोच पाहाल तर नखाएवढी, पण उघडली की डोळ्याखालपर्यंत फाकते. पिलांसाठी चारा नेताना पाकोळी शेकडो किडे घशात साठवून लाळेने त्यांचा एक गोळा करते आणि घरट्यात जाऊन तो भरवते. झड लागली की अडचण होतेच. युरोपातल्या पाकोळ्या वादळ टाळण्यासाठी शेकडो किलोमीटरचा वळसा घालतात आणि इकडे घरट्यातली पिले शरीराचे तापमान उतरवून, गुंगीत पडून, काही दिवस उपाशी काढतात. आपल्याकडे पाऊस त्यांच्यासाठी मेजवानीही घेऊन येतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर वारुळांतून पंख फुटलेल्या वाळवीचे लोटच्या लोट निघतात, तेव्हा कोतवाल, भिंगऱ्या आणि पाकोळ्या एकाच पंगतीला असतात. पाकोळी अर्थातच उभ्याउभ्याच जेवते. पाणीही ती उडतच पिते, तळ्याच्या पृष्ठभागावरून चोच ओढत नेऊन.

सूपाची घरटी आपल्या छत्रीतली नव्हेत. ती आग्नेय आशियातल्या गुहांमध्ये राहणाऱ्या एका लहान पाकोळीची असतात आणि ती जवळजवळ निव्वळ लाळेची असतात. तिची एक भारतीय बहीण सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवर, गुहांच्या अंधारात वसाहत करून राहते आणि टकटक असा आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंती ओळखत उडते. तिच्या घरट्यांवरही चोरट्यांची नजर गेली होती.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या पोर्चच्या छताला या पक्ष्यांची वीस-पंचवीस घरटी आहेत. खाली घाण पडते, रंगकाम करायचे आहे आणि कंत्राटदार बांबूने घरटी पाडायला निघाला आहे. शिवाय गेल्या आठवड्यात एक पिलू खाली पडले, मुलांनी त्याला दूध-पोळी भरवली, ते दुसऱ्या दिवशी मेले. काय करावे? (सोसायटीचे एक पदाधिकारी, इंदूर)

उत्तर : प्रथम कंत्राटदाराला थांबवावे. आपल्या हवेत घरपाकोळीची वीण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत चालू राहते, एकामागून एक. आज ज्या घरट्यांना तो बांबू लावेल, त्यांत अंडी किंवा पिले असणार. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालापासून आहे आणि त्याची अंमलबजावणी कोणी पाहत नसले, तरी तो पोर्चमध्येही लागू असतो. पोर्च दिवाळीनंतर रंगवावा. रंग लावणाऱ्याला सांगावे, की घरट्यांभोवती हातभर जागा सोड. पांढऱ्या छतावर तेवढे डाग राहिले, तर कोणाचे बिघडत नाही. घरटी रिकामी दिसली, तरी पाडू नयेत, कारण हिवाळ्यातही पक्षी तिथेच झोपतात, तीच घरटी वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतात आणि कधीकधी चिमण्याही त्यांत बिऱ्हाड करतात. खाली पडणाऱ्या विष्ठेसाठी घरट्यांच्या रांगेखाली, छतापासून दोन-तीन हात सोडून, एक अरुंद फळी टांगावी आणि महिन्यातून एकदा धुवावी. मात्र ती फळी घरट्यांना फार खेटून नको, कारण पाकोळी बाहेर पडताना आधी खाली झेपावते आणि मग पंख पसरते. तिला तेवढी मोकळी जागा लागतेच. गाड्या दुसरीकडे लावणे हा त्याहून सोपा उपाय आहे, पण सोसायटीच्या सभेत तो मंजूर होईल, असे मला वाटत नाही.

पडलेल्या पिलाविषयी. दूध, पोळी, भात यांतले काहीही पाकोळीच्या पोटाला चालत नाही आणि चोच उघडून घशात पाणी ओतले, तर ते श्वासनलिकेत जाते. मुलांनी प्रेमानेच केले, त्यांना रागावू नये. पिलू सापडले आणि घरटे हाताला येण्यासारखे असले, तर परत आत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिलाला टाकत नाहीत. घरटे फार उंच असले, तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती फडके अंथरून, सावलीत ठेवून, वन विभागाला किंवा शहरातल्या पक्षी वाचवणाऱ्या कार्यकर्त्यांना कळवावे. घरपाकोळीचे पिलू पाच-सहा आठवडे घरट्यात असते, म्हणजे चिमणीच्या पिलाच्या दुप्पटीहून अधिक, कारण त्याला उडण्याचा सराव करायची सोय नाही. बाहेर पडले की पहिल्याच झेपेत सगळे जमावे लागते. युरोपातल्या पाकोळीची पिले त्याआधी घरट्यातच पंख टेकवून शरीर उचलण्याचा व्यायाम करताना पाहिली गेली आहेत. त्यामुळे पूर्ण पिसे न आलेल्या पिलाला ‘उड, उड’ म्हणत गच्चीवरून भिरकावणे म्हणजे त्याला मारणेच.

मोठा, पुऱ्या पंखांचा पक्षी जमिनीवर सापडला, तर गोष्ट वेगळी. पाकोळीला जमिनीवरून उडताच येत नाही, असे सांगतात, ते पुरते खरे नाही. धडधाकट पक्षी मोकळ्या, सपाट जागेवरून उडू शकतो. तो पडून राहिला असेल, तर बहुधा दमलेला, उपाशी किंवा मांज्यात अडकून जखमी झालेला असतो. आधी पंखाच्या सांध्याभोवती दोरा गुंडाळला आहे का, ते पाहावे आणि असल्यास ओढू नये, लहान कात्रीने कापून काढावा. एक-दोन तास अंधाऱ्या खोक्यात विश्रांती दिली, की मोकळ्या मैदानात जाऊन त्याला उघड्या तळहातावर ठेवावे, हात डोक्याच्या वर धरावा आणि थांबावे. फेकू नये. मागच्या फाल्गुनात आमच्या जिन्यात सापडलेली एक पाकोळी अशी तळहातावर ठेवली होती. आधी तिने नख्या माझ्या बोटात रुतवल्या, मग ती सगळी थरथरू लागली. असे मिनिटभर झाले असेल. आता खाली उतरवावे, असा विचार मी करत होतो, तेवढ्यात हात हलका झाला.